साक्षीवाचूनची ठेव

मनुष्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा कोठे होते, या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा न्यायालयात, बाजारात किंवा देवाच्या दारी शोधतो. परंतु परमुलखातील भुयारी रेल्वेच्या फलाटावर, खिशात परके चलन घेऊन उभा असलेला प्रवासी ही परीक्षा जितक्या निखळ स्वरूपात देतो, तितकी ती अन्यत्र क्वचितच दिली जाते.

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ सालची, पॅरिसची १९०० ची आणि बर्लिनची १९०२ ची. पहिल्या दोन शहरांत तिकिटावाचून फाटक उघडत नाही. बर्लिनमध्ये फाटकच नाही. व्हिएन्ना व म्यूनिक येथेही तीच रीत. रस्त्यावरून जिना उतरावा, फलाटावर यावे आणि गाडी आली की चढावे. कोणी अडवीत नाही, कोणी विचारीत नाही. फलाटावर तिकिटे देणारे यंत्र असते व जवळच ठसा उमटविणारी एक लहानशी पेटी. छापील तिकीट नुसते विकत घेऊन भागत नाही. प्रवासाच्या आरंभी ते त्या पेटीत धरून त्यावर दिनांक, वेळ व ठिकाण उमटवून घ्यावे लागते. ठसा नसलेले तिकीट नियमाच्या दृष्टीने तिकीटच नव्हे. मधूनच साध्या वेषातील तपासनीस डब्यात शिरतो, आणि दोषी ठरणाऱ्यास दंड भरावा लागतो. हा दंड २०१५ साली ४० युरोंवरून ६० युरोंवर नेण्यात आला. भाषा येत नव्हती, रीत ठाऊक नव्हती, या सबबी चालत नाहीत.

आपल्या वाचकांना या ठशाचे मर्म सहज उमगेल. पूजेस बसताना आपण प्रथम देशकालाचा उच्चार करतो आणि मग संकल्प सोडतो. अमुक स्थळी, अमुक वेळी, हे कर्म मी पत्करले, असे स्वतःला बांधून घेणे हाच त्याचा अर्थ. तिकिटावरचा ठसा याहून निराळे काय सांगतो? काही चतुर लोक कोरे तिकीट खिशात बाळगतात आणि तपासनीस दिसला तरच पेटीकडे धावतात. त्यांच्यापाशी द्रव्य आहे, तिकीटही आहे. नाही तो केवळ संकल्प.

हे पाहून ‘तिकडील लोक किती प्रामाणिक!’ असा उद्गार परतलेल्या प्रवाशांच्या तोंडून निघतो. त्यात तथ्य थोडेच आहे. फुकट प्रवास हा दंडनीय गुन्हा ठरविणारे कलम जर्मन दंडसंहितेत १९३५ साली घालावे लागले, यावरून तेथील माणूसही माणूसच आहे हे दिसते. उलटपक्षी मुंबईच्या उपनगरी गाड्यांची बहुतेक स्थानके अशीच उघडी असून लाखो उतारू तेथे रोज तिकीट वा पास काढून चढतात. त्याचे कौतुक मात्र कोणी करीत नाही. आमच्या ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी, शिंदे सरकारच्या काळातील अरुंद रुळांची छोटी गाडी २०२० साली थांबली. तिच्या टपावर माणसे बसत. तेथवर तपासनिसाने पोहोचावे कसे? टपावरच्या उतारूचा तपासनीस त्याच्या मनातच बसलेला असे, किंवा नसेच.

आता कोणी हिशेबी मनुष्य म्हणेल की, तपासनीस दहा फेऱ्यांतून एकदा येतो की वीसांतून, हे पाहावे; दंडाची सरासरी भाड्याहून कमी पडत असेल तर तिकीट काढणे हा मूर्खपणा. हा युक्तिवाद काल्पनिक नव्हे. स्टॉकहोम येथे २००१ साली स्थापन झालेल्या एका संघटनेने वर्गणी जमवून फुकट प्रवाशांचे दंड भरण्याचा निधीच चालविला. वाहतूक करांतून चालवावी व तिकीट नसावे, असे तिचे मत होते. त्या मताचा विचार अवश्य व्हावा, परंतु दंडाचा विमा उतरविला की दंड हा दंड राहत नाही, तो स्वस्त दर होतो. कायद्याला हे मान्य नाही. आपल्या १९८९ च्या रेल्वे अधिनियमात कलम १३७ फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासास शिक्षा सांगते, तर कलम १३८ हेतू नसतानाही केवळ जादा आकार वसूल करते. म्हणजे चुकलेला आणि चुकविणारा हे दोघे कायद्यालाही एक वाटत नाहीत. ज्याच्यापाशी खरोखरच पैसा नाही, त्याचा प्रश्न वेगळा व गंभीर आहे. पण विमानाला लाखभर रुपये मोजून गेलेल्या पर्यटकाने चार युरोंच्या तिकिटापाशी गरिबीची सबब सांगू नये.

मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतर लगेच निक्षेपाला, म्हणजे ठेवीला, स्थान आहे. ठेव साक्षीवाचून ठेविलेली असेल तर न्यायाधीशाने हेरांकरवी त्या मनुष्यापाशी सोने ठेववून त्याची परीक्षा पाहावी, असे तेथे सांगितले आहे. साक्षीवाचूनच्या विश्वासापुढे शास्त्रालाही युक्तीचा आश्रय घ्यावा लागला! फाटक नसलेले शहर प्रत्येक येणाऱ्यापाशी अशीच ठेव ठेवीत असते. फाटक असेल तेथे आपण फक्त किंमत देतो. फाटक नसेल तेथे किंमत देतो आणि विश्वासही परत करतो. म्हणून उघडे दार हे बंद दारापेक्षा अधिक बंधनकारक आहे.

पर्यटकाच्या बाबतीत हे बंधन अधिकच उघडे पडते. गावच्या माणसाला शेजारी असतात, आप्त असतात, लोकलज्जा असते. पर्यटक उद्या दुसऱ्या शहरात असणार. त्याचे नाव तेथे कोणाला ठाऊक नाही. कनकदासांची कथा आपल्याकडे सांगतात. गुरूंनी शिष्यांना एकेक केळे दिले व कोणी पाहणार नाही अशा जागी ते खावयास सांगितले. सारे खाऊन आले. कनकदास मात्र केळे तसेच घेऊन परतले, कारण भगवंत पाहत नाही अशी जागा त्यांना सापडली नाही. ही कथा आपण मुलांना सांगतो आणि ती मुलांसाठीच आहे असे समजतो.

आज आपल्या घराघरांतील मुले शिक्षणासाठी बर्लिन-म्यूनिकला जातात, वडील मंडळी त्यांना भेटावयास जातात. सामानात मेतकूट-लोणच्याचे डबे आठवणीने भरले जातात. देवळात सर्वांसमक्ष दानपेटीत टाकलेल्या नोटेला पाहणारे पुष्कळ असतात. दूरदेशीच्या निर्मनुष्य फलाटावर तिकिटावर ठसा उमटतो, तेव्हा पाहणारा एकच असतो. त्याच्यासमोर आपण कसे वागतो, यावर आपल्या देवदर्शनाचे मोल अवलंबून आहे.