मशीन मी लावून दिली, झाड कोणी पाडलं?

शेजारच्या काकांनी झाड कापायची मशीन आमच्या अंगणात आणून ठेवली. चालू व्हायची, पण रेस दिली की गुदमरून बंद पडायची. "तुले जमते ना हे? पाहून दे बरं," म्हणाले. कशासाठी हवी, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. बांधावरचा निंब.

आमचं गाव चिखली तालुक्यातलं. शेतात उन्हाळ्यात उभं राहायला सावली म्हणजे तो एकच निंब. पण त्याच सावलीत काकांच्या सोयाबीनच्या चार-पाच ओळी दरवर्षी खुरटतात. त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

मी मशीन उघडली. आधी एअर फिल्टर झटकला, प्लग पुसला. टाकीत जुनं पेट्रोल होतं. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून ते ओतून टाकलं. या कार्बोरेटरमध्ये बाइकसारखा फ्लोट नसतो. रबरी पडदे पेट्रोल ओढतात आणि मोजून सोडतात, म्हणून मशीन आडवी धरली तरी चालते. त्यातला एक पडदा कडक झाला होता. तो बदलला, आतली बारीक जाळी साफ केली.

मग ट्युनिंग. मशीन गरम करून आधी 'एल' स्क्रू लावला, रेस देताच इंजिनाने उचल घेईपर्यंत. मग स्लो असा, की इंजिन चालू राहील पण चेन फिरणार नाही. शेवटी 'एच'. हा आवळला की पेट्रोल कमी जातं, आवाज चढतो, मशीनला जोर आल्यासारखा वाटतो. पण टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. जास्त आवळलं तर पिस्टन तापून मशीन सीज होते. काका म्हणाले, "अजून थोडं आवळ." मी नाही आवळलं. मशीन जळेल म्हणालो.

मशीनसाठी मी नाही म्हणू शकलो. झाडासाठी तोंडून शब्द निघाला नाही.

रात्री मी स्वतःला समजावत होतो. मी नाही केलं तर चिखलीत दुसरा कोणी करून देईल. पण हे वाक्य जगातल्या कुठल्याही कामाला लावता येतं, म्हणून ते मला कशातूनच सोडवत नाही. दुसरं समर्थन जास्त वजनदार होतं: स्लो बिघडलेली मशीन हातातच फिरत राहते, माणसाचा पाय जाऊ शकतो. नीट लावून दिली म्हणजे मी काकांना वाचवलं. हे खरं आहे. पण मी मशीन उघडली तेव्हा हा विचार माझ्या डोक्यात नव्हता. तो नंतर सापडला, सोयीचा म्हणून.

1964 चा महाराष्ट्राचा वृक्षतोड कायदा साग, मोह, चिंच, आंबा अशी झाडं तोडायला परवानगी मागतो. मशीन कोणी लावून दिली, हे कोणताच कायदा विचारत नाही. ते मलाच विचारायला हवं होतं. झाड काकांचं, शेत त्यांचं, निर्णयही त्यांचाच. निंब पाडल्याचा दोष मी स्वतःकडे ओढत नाही. माझा वाटा लहान आहे, पण तो आहे. मदतीला 'हो' म्हणताना एक वाक्य बोलायचा हक्क मला मिळाला होता: "काका, नुसत्या फांद्या छाटून भागेल का?" कदाचित ते नाही म्हणाले असते. तरी मी मशीन दिली असती, बहुतेक. पण मग त्या मदतीत मी पूर्ण माणूस म्हणून असतो, नुसता मेकॅनिक म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेताकडून आवाज आला. एकसारखा, कुठेही न अडखळणारा. मी चहा पीत ऐकत होतो. मनात पहिला विचार आला, 'एच' बरोबर लागलाय. निंब त्यानंतर आठवला.