कृत्रिम जीर्णता आणि सत्यासत्यविवेक

लघुरूप आगगाड्या बांधण्याच्या छंदात एक क्रिया अशी आहे की, तिच्याविषयी त्या छंदाशी काडीचाही संबंध नसलेल्या विचारी मनुष्यानेही क्षणभर थांबून विचार करावा. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, अस्तराचा एक हात देऊन, त्यावर तांबूस रंग चढवून आणि अक्षरे उमटवून मालगाडीची वाघीण कोरी करकरीत सिद्ध झाली, की तिचा कर्ता तिला बुद्ध्याच जुनी करावयास बसतो. ज्या प्लॅस्टिकला कल्पांतापर्यंत गंज चढावयाचा नाही त्यावर तो गंज रंगवतो, आणि ज्या छपरावर पावसाचा थेंब कधी पडला नाही त्यावरून पावसाचे ओघळ खाली उतरवतो. छंदिष्ट मंडळी या क्रियेला ‘वेदरिंग’ म्हणतात. जे घडलेच नाही त्याची साक्ष एखाद्या वस्तूच्या अंगावर निर्माण करणे हे असत्याचरण होय की नव्हे, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

नैयायिकांच्या दृष्टीने पाहिले तर आरोप गंभीर ठरतो. नदीला आलेला पूर पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असला पाहिजे असे आपण ठरवतो. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या या अनुमानाला न्यायशास्त्रात ‘शेषवत्’ अशी संज्ञा आहे. वाघिणीवरचा ओघळ पाहून पावसाची कल्पना करणारे मन याच वाटेने जाते. मात्र येथे पूर आहे आणि पाऊस नाही. धुक्याला धूर समजून डोंगरावर अग्नी आहे असे मानणाऱ्याची फसगत निदान अजाणता होते. हा कारागीर तर हेतुपुरस्सर धुके पसरवतो. कोऱ्या कागदाला पिवळेपणा आणून जुना दस्तऐवज म्हणून तो कचेरीत दाखल करणारा बनावटखोर आणि हा छंदिष्ट, या दोघांच्या कृतीत मग भेद तो कोणता?

भेद शोधावयाचा तर काम जवळून पाहिले पाहिजे. उत्तम कारागीर गंज वाटेल तेथे लावीत नाही. रंगाचा पापुद्रा जेथे प्रथम फुटतो त्या कडा, रिव्हेटांच्या ओळी, शिडीच्या पायऱ्यांखालची जागा, अशा ठिकाणी तो तैलरंगाचा सूक्ष्म ठिपका ठेवतो आणि द्रावकाने किंचित ओल्या केलेल्या सपाट कुंचल्याने तो खालच्या दिशेने ओढतो, कारण पाणी खालीच वाहते. मद्यार्कात पातळ केलेली काळी शाई फळ्यांच्या खाचांत आपोआप शिरते, कारण खरी काजळीही तेथेच साचते. चाकांनी उडवलेला चिखल वाघिणीच्या टोकाच्या भिंतीवर, नेमका चाकांच्या रेषेत, दोन उभे पट्टे उठवतो. ते पट्टे मध्यभागी काढले तर जाणत्याच्या डोळ्याला ते तत्काळ खुपतात. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरवर क्षारयुक्त पाण्याच्या गळतीने पांढरट ओघळ येतात, तेही जेथे झडपा आणि बुचे आहेत तेथूनच निघाले पाहिजेत. शेवटी रंगद्रव्याची कोरडी भुकटी धूळ म्हणून बसवतात. तिच्यावर मॅट वॉर्निशचा फवारा दिला की ती बरीचशी लोपते, म्हणून अनुभवी हात ती आधीच थोडी अधिक घालतो. आणि हे सारे १:८७ या प्रमाणात, जेथे मूळच्या एका फुटाला केवळ ३.५ मिलिमीटर जागा मिळते.

या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील डागाचा नव्हे, तर डाग नसल्याचा आहे. अमेरिकेतल्या काजळीने माखलेल्या वाघिणींवर क्रमांकाभोवतीची जागा तेवढी पुसून काढलेली दिसे. यार्डातल्या कारकुनाला नोंद करता यावी म्हणून कुणीतरी तेथे बोळा फिरवलेला असे. चांगला छंदिष्ट ती पुसलेली जागाही रंगवतो. निसर्गाने मळवलेल्या वस्तूवर मनुष्याच्या प्रयोजनाची मुद्रा कोठे पडते, हे त्याने जाणलेले असते.

या कलेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील छायाचित्रकार जॉन ॲलन (१९१३–१९७३) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आपल्या घराच्या तळघरात त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत डोंगरदऱ्या उभारून जी रेल्वे वसवली, ती कोणत्याही खऱ्या रेल्वेची नक्कल नव्हती; ती गावे, ते पूल, ती कंपनी हे सर्व त्यांच्या कल्पनेतले होते. तरीही त्यांची इंजिने आणि इमारती अशा झिजलेल्या, मळलेल्या असत की, वर्षानुवर्षे त्या मार्गावर वाहतूक चालली असावी असे वाटे. जानेवारी १९७३ मध्ये ते वारले आणि थोड्याच दिवसांत लागलेल्या आगीत ती रचना बहुतांशी नष्ट झाली. आज ती मुख्यतः त्यांनीच काढलेल्या छायाचित्रांतून उरली आहे.

ॲलन यांचे उदाहरण आपल्या साहित्यशास्त्रातल्या एका जुन्या वादाला थेट भिडते. श्रीशंकुकाने नटाविषयी म्हटले होते की, तो रामाचे अनुकरण करतो, आणि त्याला पाहून ‘हा राम’ अशी होणारी प्रतीती चित्रातल्या घोड्याच्या प्रतीतीसारखी असते: ती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयाची नव्हे, निव्वळ सादृश्याचीही नव्हे. ती स्वतंत्र जातीची आहे. बनावटखोराची सुटका या न्यायाने होत नाही, कारण त्याला ती वस्तू खरी म्हणूनच मानली जावयास हवी असते. छंदिष्टाची होते, कारण त्याची वाघीण कुणीही खरी समजत नाही. परंतु अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी या अनुकरणवादावर जो आक्षेप घेतला तो अधिक खोल आहे: नटाने रामाला कधी पाहिलेच नाही, तर तो अनुकरण कुणाचे करतो? ॲलन यांनाही हेच विचारता येईल. जी रेल्वे कधी नव्हतीच तिची नक्कल कशी होणार?

याचे उत्तर कुंचल्याच्या त्या खालच्या ओढीत आहे असे मला वाटते. अनुकरण वाघिणीचे नाही. पाणी, धूर, ऊन आणि श्रम हे लोखंडावर व लाकडावर ज्या नियमाने काम करतात त्या नियमाचे आहे. पाऊस पडला नसेल, पण पडला असता तर ओघळ तेथेच आला असता, एवढेच विधान तो कारागीर करतो, आणि ते विधान अक्षरशः खरे असते. म्हणून या कलेत असत्य एकाच ठिकाणी शिरते: ज्या डागाला कारण देता येत नाही त्या डागात, मग तो कितीही मोहक असो. या छंदात पडलेल्यांना माझी विनंती एवढीच की, भुकटीची डबी उघडण्यापूर्वी रेल्वेच्या फाटकाशी उभे राहून एखादी खरी मालगाडी निघून जाताना नीट पाहावी, आणि तिच्यावरचा प्रत्येक डाग कशाने पडला याची स्वतःशी रुजवात घालावी.