अँटिबॉडी उतरल्या, म्हणजे नेमके काय झाले?

२०२१ मध्ये शहरांतल्या पॅथॉलॉजी लॅबच्या दरपत्रकात एक नवी ओळ आली: कोविड अँटिबॉडी. लस टोचून घेतलेली माणसे दोन-तीन आठवड्यांनी रक्त देऊन यायची आणि संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रिपोर्ट फिरायचे. एकाचा आकडा सत्तर, दुसऱ्याचा एकशे ऐंशी, तिसऱ्याच्या कागदावर ‘२५० पेक्षा जास्त’. तिसऱ्याची कॉलर ताठ. वास्तविक २५० ही त्या यंत्राची मोजण्याची मर्यादा होती; त्यापुढचे मोजायचे तर नमुना पातळ करून पुन्हा चाचणी लावावी लागते. शिवाय एका कंपनीच्या चाचणीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी सरळ ताडून पाहता येत नव्हता. लसीनंतरची प्रतिकारशक्ती जोखायला या चाचण्या वापरू नका, असे अमेरिकेच्या एफडीएने मे २०२१ मध्येच सांगून टाकले होते. आपल्याकडे चाचण्या चालू राहिल्या आणि काही महिन्यांनी आकडा खाली आला की ‘लसीचा असर संपला’ म्हणून बोभाटा व्हायचा.

यात लोकांना बोल लावण्यात अर्थ नाही. अँटिबॉडी मोजायला थोडासा रक्तद्रव पुरतो आणि संध्याकाळपर्यंत उत्तर हाती येते. प्रतिकारशक्तीचा दुसरा हात म्हणजे टी पेशी; त्या तपासायच्या तर ताज्या रक्तातल्या पेशी जिवंत ठेवाव्या लागतात, त्यांच्यापुढे विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे ठेवून कोणत्या पेशी जाग्या होतात ते पाहावे लागते. कोपऱ्यावरच्या लॅबचे ते काम नव्हे. जे स्वस्तात मोजता आले तेच लोकांनी, पत्रकारांनी आणि पुष्कळदा धोरण ठरवणाऱ्यांनीही प्रतिकारशक्ती म्हणून धरले. गेल्या पाच वर्षांतले संशोधन वाचताना जाणवते ते हे की शरीर त्या काळात जे काही करत होते त्याचा मोठा भाग या कागदावर उमटतच नव्हता.

संसर्ग झाला किंवा लस घेतली की काही दिवसांत अल्पायुषी प्लाझ्मा पेशींची एक लाट उठते. त्या भराभर अँटिबॉडी ओततात आणि काही आठवड्यांत मरतात. रक्तातली आयजीजी या मुख्य प्रकारची अँटिबॉडीसुद्धा साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. म्हणजे सुरुवातीचा उतार अटळच. तो उतार पुढे कुठे थांबतो, हा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अली एलेबेडी यांच्या गटाने कोविडमधून बरे झालेल्या ७७ जणांच्या रक्तावर नजर ठेवली. बहुतेकांचा आजार सौम्य होता. पहिल्या चार महिन्यांत पातळी झरझर उतरली, नंतर उतार मंदावला आणि अकराव्या महिन्यातही अँटिबॉडी सापडत होत्या. त्या कुठून येतात हे पाहण्यासाठी काहींच्या कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढली, तेव्हा त्यातल्या बहुतेकांच्या मज्जेत विषाणूच्या पृष्ठभागावरल्या स्पाइक प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी शांतपणे नांदताना दिसल्या.

याच गटाचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. फायझरची लस घेतलेल्या १४ स्वयंसेवकांच्या काखेतल्या लसीका ग्रंथींतून बारीक सुईने पुन्हा पुन्हा नमुने घेतले गेले. लस दंडात टोचली की तिचा माल त्याच बाजूच्या काखेत पोचतो; अनेकांना तिथे दुखरी गाठ जाणवली होती ती यामुळे. त्या गाठीत अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी आपल्याच अँटिबॉडीच्या जनुकात जाणूनबुजून चुका करतात. चुकांपैकी बहुतेक निरुपयोगी असतात, पण एखादीमुळे अँटिबॉडी विषाणूला अधिक घट्ट चिकटते. मदतनीस टी पेशी तेवढ्याच निवडतात, बाकीच्या मरतात. उत्क्रांतीचा हा सगळा खटाटोप एका गाठीत काही आठवड्यांत चालतो आणि या स्वयंसेवकांत दुसऱ्या डोसनंतर बारा आठवड्यांनीही तो थांबलेला नव्हता. म्हणजे लॅबचा आकडा खाली येत असताना काखेत मालाचा दर्जा वाढत होता. कॅलिफोर्नियातल्या ला होया संस्थेत शेन क्रॉटी आणि अलेस्सांद्रो सेट्टे यांना बरे झालेल्या रुग्णांत असेच काही दिसले: स्पाइक ओळखणाऱ्या स्मृतिपेशी पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त होत्या.

हे ध्यानात घेतले की कोविशील्डच्या दोन डोसांमधल्या अंतराचा वाद वेगळा दिसू लागतो. १३ मे २०२१ रोजी केंद्राने ते वाढवून १२ ते १६ आठवडे केले. लसकेंद्रांबाहेर पहाटेपासून रांगा आणि दाराला ‘लस उपलब्ध नाही’ची पाटी, अशा दिवसांत टंचाई झाकण्याचा हा डाव आहे असे लोकांना वाटले तर नवल नाही. पण याच लसीच्या ऑक्सफर्डच्या चाचण्यांत अंतर बारा आठवडे किंवा अधिक असताना लसीची परिणामकारकता ८१ टक्क्यांच्या आसपास होती, सहा आठवड्यांहून कमी असताना ५५. गंमत अशी की दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने पन्नाशीपुढच्यांसाठी हेच अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणले, कारण डेल्टापुढे एक डोस तोकडा पडेल अशी भीती होती. लांब अंतराने स्मृती पक्की होते आणि लांब अंतरात माणूस उघडा राहतो, दोन्ही खरे. सरकारने टंचाई उघड मान्य करून हा पेच लोकांसमोर मांडला असता, तर लोकांनी तो समजून घेतला असता असे मला वाटते.

आता उलट बाजू. टी पेशींचे गोडवे गाताना अँटिबॉडी बिनकामाच्या ठरवण्याची एक फॅशनही मधल्या काळात आली. तिला आधार होता. सिंगापूरमध्ये २००३ च्या सार्समधून वाचलेल्यांच्या रक्तात १७ वर्षांनी त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या. इटलीत जन्मतः बी पेशी नसलेले, म्हणजे अँटिबॉडी बनवूच न शकणारे रुग्ण कोविडमधून बरे झाले. तरी टी पेशी संसर्ग झालेली पेशी मारते. विषाणूला दारात अडवणे तिचे काम नाही. ऑस्ट्रेलियात माइल्स डेव्हनपोर्ट यांच्या गटाने सात लसींची आकडेवारी एकत्र मांडली. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या सरासरी पातळीच्या २० टक्के निष्प्रभकारी अँटिबॉडी असल्या तर संसर्गापासून ५० टक्के संरक्षण मिळते. गंभीर आजारापासून तेवढेच संरक्षण मिळायला ३ टक्के पुरतात. ‘लस घेऊनही झालाच की’ आणि ‘लसीने वाचवले’ ही दोन्ही वाक्ये एकाच घरात खरी कशी, याचा उलगडा या दोन आकड्यांत आहे. ओमायक्रॉनच्या लाटेत घरेच्या घरे आजारी पडली. लस घेतलेल्यांपैकी अतिदक्षता विभागात जावे लागले ते तुलनेने थोड्यांना.

अँटिबॉडीच्या आकड्यालाच प्रतिकारशक्ती समजण्याची गल्लत सामूहिक पातळीवर पुण्यात दिसली. आयसर आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सहभागाने २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पाच प्रभागांत सर्वेक्षण झाले, ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी निघाल्या. प्रभाग मुद्दाम जास्त रुग्णांचे निवडलेले, दाट वस्तीचे. संशोधकांनी हे लपवले नव्हते. विषाणू किती जणांना शिवून गेला, एवढेच उत्तर त्यात होते. बाहेर मात्र समूह प्रतिकारशक्तीची गणिते सुरू झाली. २०२१ च्या वसंतात पुण्यात रुग्णालयांत खाटा मिळेनात.

आणि मज्जेतल्या त्या पेशींचे काय? २०२४ मध्ये एमरी विद्यापीठातून आलेल्या अभ्यासाने त्या आनंदावर थोडे पाणी टाकले. एमआरएनए लस घेतलेल्यांच्या मज्जेत, खऱ्या अर्थाने दीर्घायुषी मानल्या जाणाऱ्या पेशींच्या गटात, धनुर्वात आणि फ्लूविरुद्धच्या पेशी होत्या. कोरोनाविरुद्धच्या जवळजवळ नव्हत्या. मज्जेत पेशी असणे वेगळे आणि दशकानुदशके टिकणारी पेशी असणे वेगळे. कोरोनाविषाणूवर स्पाइक विरळ, एकमेकांपासून दूर असतात, म्हणून बी पेशीला जोरकस धक्का बसत नाही, असा एक तर्क आहे. तो खरा ठरला तर वारंवार बूस्टर देण्यापेक्षा लसीची रचनाच बदलावी लागेल.

लस सुधारण्याची दुसरी वाट नाकातून जाते. दंडात टोचलेली लस रक्तात आयजीजी भरपूर देते, पण विषाणू उतरतो त्या श्लेष्मल त्वचेवर तिथली खास अँटिबॉडी, आयजीए, फारशी पोचत नाही. भारत बायोटेकची इन्कोव्हॅक ही नाकात थेंब घालायची लस २६ जानेवारी २०२३ रोजी बाजारात आली, तेव्हा बूस्टरसाठी कुणी फिरकत नव्हते. तिला आणि पुण्याच्या जिनोव्हाच्या एमआरएनए लसीला परवानगी मिळाली ती मुख्यतः सुरक्षितता आणि अँटिबॉडींच्या आकड्यांवर. बहुतेकांना लस मिळालेली असताना हजारोंना नुसते पाणी टोचून तुलना करणे शक्य नव्हते, हे मान्य. पण आकड्यावर परवानगी दिली की त्याच माणसांना पाच-सात वर्षे गाठून त्यांच्या नाकातला स्राव, स्मृतिपेशी, जमल्यास मज्जा तपासणे ही त्या परवानगीची अट असायला हवी होती, आणि त्याचा खर्च कंपनीने उचलायला हवा होता.