विलंबाचा कर्ता

पूल पाडणारा गुन्हेगार ठरतो. पण पडू देणारा? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ चा दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्याही, प्रवाशांसह. पुढे नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला. या वेगाचे कौतुक झाले. मला मात्र तो आकडा आरोपपत्रासारखा वाटतो. उणीव वेळेची नव्हती, निकडीची होती; आणि ती मृतांनी पुरवली. फाइलीवर सह्या अनेकांच्या असतात, विलंब मात्र कोणाचाच नसतो. गीता अकर्मातही कर्म पाहावयास सांगते. त्या न्यायाने लांबणीवर टाकलेले काम हीदेखील कृतीच होय. फरक एवढाच, की तिचे फळ कर्त्याला नव्हे, पुलावरून विश्वासाने जाणाऱ्या अनोळखी वाटसरूला भोगावे लागते.