दुसऱ्याचें दुःख आणि आपला धडा

दुसऱ्याच्या दुःखाचा वर्गांत धडा करावा काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव दरडीखालीं गाडलें गेलें. दीडशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. गांव जागेवर नाहीं, ही वार्ता बाहेर नेली ती एस्. टी.च्या चालकानें. या बातमीवरून मुलांस अतिवृष्टि, डोंगरउतार, माती यांचें ज्ञान द्यावें काय? कोणी म्हणेल, हा निर्दयपणा आहे. आमच्या मतें, असें कां घडलें हें न विचारणें हाच अधिक निर्दयपणा होय. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इरशाळवाडीवरही दरड कोसळलीच! मात्र मृतांची संख्या हा केवळ गुणांचा प्रश्न होऊं नये. उत्तर लिहिण्यापूर्वीं मूल क्षणभर स्तब्ध झालें, तरच धडा झाला असें आम्ही समजूं.