जवळचे गाव कोणते?

एखाद्यावर गुन्हा घडला, तर मदत कोठे मिळते हे शोधण्याची जबाबदारी कोणाची? ज्याच्यावर तो घडला त्याची, की जो त्याच्या जवळ उभा आहे त्याची? वाचकहो, प्रश्न शाळेतील निबंधाचा वाटेल. परंतु तो माझ्याच दारात आला आणि त्या दिवशी मी नापास झाले, हे आधीच कबूल करते.

सिंगापुरात मुलाकडे राहावयास आल्यापासून आमच्या इमारतीतील एका मराठी काकूंशी माझा घरोबा जमला. वय 78. एका दुपारी त्या आल्या त्या अगदी पडलेल्या चेहऱ्याने. पोलीस बोलतो असे सांगून कोणी फोन केला होता. तुमच्या नावावर गुन्हा नोंदला आहे, चौकशी होईपर्यंत पैसे अमुक खात्यात ठेवा, असा दम दिला. त्यांनी ठेवले. यजमानांच्या मागे जपलेली सारी पुंजी गेली. "बाई, मुलाला कळू देऊ नका," एवढेच म्हणाल्या. आणि मी काय बोलावे? "पण काकू, तुम्ही दिलेतच कसे?" 34 वर्षे मुलांना प्रश्न विचारण्याची खोड, दुसरे काय! काकू चहा तसाच ठेवून उठून गेल्या.

योगायोग असा, की तो आठवडा शोफेतीम पाराशाचा होता. रानात मारलेला मनुष्य सापडतो आणि मारेकरी ठाऊक नसतो, तेव्हा वडील व न्यायाधीश निघून प्रेतापासून भोवतालच्या गावांचे अंतर मोजतात. जे गाव सर्वांत जवळ भरेल, त्याच्या वडिलांनी ओढ्याकाठी कालवडीचा विधी करून, हात धुऊन सांगावयाचे, की हे रक्त आम्ही सांडले नाही. मिश्नाचे पंडित सोटा प्रकरणात विचारतात, की गावचे वडील खुनी असतील असे कोणाच्या मनात तरी आले होते काय? त्यांचा खुलासा असा: तो आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला अन्नावाचून, सोबतीवाचून लावून दिले, असे घडले नाही, एवढे त्यांना म्हणता आले पाहिजे.

हा पाठ मी लहानपणापासून ऐकला आहे. पण अंतर मोजण्याची दोरी मेलेल्याच्या हातात नाही, जिवंतांच्या हातात आहे, हे या वेळी प्रथमच ध्यानात आले. माझे दार काकूंच्या दारापासून किती पावलांवर, ते मला चांगले ठाऊक होते.

कोणी म्हणेल, सिंगापूर हे काही रान नव्हे. येथे सोय आहे, ज्याने त्याने ती पाहावी. सोय आहे हे खरेच. तातडीला पोलिसांचा 999 आहे. फसवणुकीसाठी 1799 रात्रंदिवस चालू असतो. घरातील मारहाण व लैंगिक छळ यांसाठी 2021 पासून 1800-777-0000 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. 1985 साली स्थापन झालेली 'अवेअर' ही स्त्रियांची संस्था अत्याचार झालेल्यांना आधार देते. घरगुती हिंसेसाठी 'पेव्ह' आहे. वस्तीवस्तीत कुटुंब सेवा केंद्रे आहेत. 2018 साली कायदा सुधारला, तेव्हापासून दोषी ठरलेल्याकडून भरपाई देवविली नाही तर न्यायालयाला त्याचे कारण सांगावे लागते. अर्थात आधी गुन्हेगार सापडला पाहिजे!

पण हे सारे ज्याला धक्का बसलेला नाही त्याला वाचता येते. जखमी मनुष्य पाटी वाचीत नाही. त्याला वाटते, की आपणच मूर्ख. वास्तविक 2024 या एका वर्षात येथे अशा फसवणुकीचे 50,000 हून अधिक प्रकार नोंदले गेले आणि बुडालेली रक्कम 100 कोटी डॉलरच्या वर गेली; एवढे सगळे मूर्ख कसे असतील? त्यात भाषेची अडचण. सरकारी भाषा चार, इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ. काकूंचे इंग्रजी भाजीबाजारापुरते.

राहिला गुपिताचा प्रश्न. त्यांनी मागितलेला शब्द मोडून मुलाला सांगावे, की गप्प राहावे? मला दोन्ही पटेनात. सांगितले असते तर त्यांच्या हातून पैशांबरोबर अब्रूही मीच काढून घेतली असती. गप्प राहणे म्हणजे त्यांना सोबतीवाचून लावून देणे.

शनिवारी हवदाला झाल्यावर मी त्यांच्या दारी गेले. म्हटले, "काकू, त्या दिवशी मी चुकले. मुलाला मी सांगणार नाही, पण फोन करताना तुमच्याजवळ बसेन." बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा लावला. त्या मराठीत सांगत गेल्या, मी इंग्रजीत. पलीकडच्या मुलीने 'दिलेत कसे' असे एकदाही विचारले नाही. केव्हा, किती, कोणत्या खात्यात, एवढेच विचारले. सोमवारी पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार नोंदवून आलो.

पैसे परत आले नाहीत. पुढच्या आठवड्यात काकूंनी आपण होऊन मुलाला सांगितले. तो काय म्हणाला, हे मी विचारले नाही.