करायला हवं होतंस!

आमच्या फ्रेंचच्या वर्गात निम्म्याहून अधिक सॉफ्टवेअरवाले. कुणाला कॅनडाच्या पीआरसाठी जादा गुण हवेत, कुणाचा क्लायंट पॅरिसचा आहे, कुणाला नुसतीच हौस. वर्तमान, भूत, भविष्य इथवर सगळं सुरळीत चालतं. मग ‘कोंदिस्योनेल पासे’ येतो. जे घडू शकलं असतं पण घडलं नाही, त्यासाठी क्रियापदाचं हे रूप वापरतात. तक्ते पाठ करायला ते फारसं अवघड नाही. पण याच एका रूपातून माणसं एकमेकांना दोष देतात, स्वतः हळहळतात आणि ऐकीव बातम्याही सांगतात. म्हणून व्याकरण संपल्यावरही त्याने माझा पिच्छा सोडला नाही. ‘तू असं करायला हवं होतंस’ हे वाक्य खरं कधी असतं? आणि ते म्हणायचा हक्क कुणाला असतो?

आधी रचना बघू. सहायक क्रियापद आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचं भूतकालवाचक रूप, एवढंच. बहुतेक क्रियापदांना सहायक म्हणून ‘आव्वार’ लागतं. येणं, जाणं, जन्मणं, मरणं अशा मोजक्यांना ‘एत्र’. ‘झोरे फे’ म्हणजे मी केलं असतं. ‘झ सरे व्हन्यू’ म्हणजे मी आलो असतो. बोलणारी बाई असेल तर लिहिताना शेवटी एक अक्षर वाढतं, पण कानाला फरक कळत नाही. आपल्याकडे ‘आलो असतो’ आणि ‘आले असते’ लगेच वेगळं ऐकू येतं.

मला आवडलेली गंमत त्या ‘ओरे’मध्ये आहे. त्याचा धातू भविष्यकाळाचा आणि प्रत्यय अपूर्ण भूतकाळाचा. एकेकाळी जे भविष्य होतं, ते आता मागे पडलेल्या जागेवरून बघायचं, असा सगळा मामला या एका शब्दात बसवलेला आहे.

यापुढचा नियम मात्र मराठी माणसाला हमखास अडवतो. आपल्या संकेतार्थात दोन्ही बाजूंना ‘असतं’ येतं: पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. फ्रेंचमध्ये ‘सि’, म्हणजे ‘जर’च्या बाजूला हे रूप चालतच नाही. तिथे साधा पूर्ण भूतकाळ लागतो. ‘सि झावे स्यू, झ सरे व्हन्यू.’ शब्दशः मराठीत आणलं तर: ‘जर मला कळलं होतं, तर मी आलो असतो.’ फ्रेंच पोरांना हे लक्षात राहावं म्हणून शाळेत एक कोटी शिकवतात. ‘सि’चा उच्चार करवतीसारखा आणि ‘रे’ या प्रत्ययाचा रेघेसारखा, म्हणून ‘करवतींना रेघा आवडत नाहीत’.

मला या नियमात एक शिस्त दिसते. कल्पनेला मुभा फक्त ‘तर’च्या बाजूला. ‘जर’ मात्र भूतकाळातल्या एखाद्या घटनेसारखं नीट, ठोस सांगावं लागतं. नक्की काय वेगळं होतं? कुणाला काय कळलं होतं, आणि कधी? मराठीत दोन्हीकडे ‘असतं’ असल्यामुळे सगळं वाक्य एकाच धुक्यातून येतं. बऱ्याचदा तर आपण ‘जर’ची बाजू गाळूनच टाकतो. ‘करायला हवं होतंस!’ एवढंच उरतं.

जर-तरच्या नादी लागू नये हे दोन्ही भाषांना ठाऊक आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं आपण म्हणतो. फ्रेंचमध्ये जवळजवळ हीच म्हण आहे, आत्या आणि काकांसकट, फक्त मिशांच्या जागी जरा अधिक चावट सूचना आहे. पण म्हणीने प्रश्न मिटत नाही, कारण ‘असतं’ पूर्ण सोडून दिलं तर जबाबदारी हा शब्दच राहणार नाही. ब्रेक लावता आला असता, म्हणून तर ड्रायव्हर दोषी ठरतो.

माझ्या कामात हा प्रश्न रोजचा आहे. सर्व्हर बंद पडला, पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदली गेली नाही, असं काही झालं की नंतर आम्ही सविस्तर अहवाल लिहितो. आमच्या टीमचा नियम आहे की त्यात ‘अमक्याने तपासायला हवं होतं’ असं वाक्य लिहायचं नाही. अपघातांचे अभ्यासक सिडनी डेकर यांनी यामागचं कारण नेमकं मांडलंय. असं वाक्य न घडलेल्या जगाचं वर्णन करतं. घडलेल्या जगात त्या माणसाला ते करणं त्या क्षणी योग्य का वाटलं, हे त्यातून कळत नाही.

आणि निकाल कळल्यावर आपली नजर बदलते ती बदलतेच. १९७५ साली बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाचं वर्णन वाचायला दिलं. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट ‘खरा’ म्हणून सांगितला. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून जास्त शक्य होता असं वाटलं; निकाल माहीतच नाही असं समजून उत्तर द्या, असं सांगूनही. ‘हे दिसत होतं की!’ या वाक्यातलं बरंचसं दिसणं नंतरचं असतं.

हे सगळं मला पुस्तकी वाटलं असतं, जर आमच्या घरात हे वाक्य पाच वर्षं मुक्कामाला आलं नसतं. एप्रिल २०२१ मध्ये आजोबा गेले. तालुक्याच्या गावात काका त्यांच्याजवळ होते. रात्री दहाला बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ९५ होता. पहाटे पाचला ८२. त्यानंतर काकांनी गाडी काढली, दोन ठिकाणी बेड नव्हता, तिसऱ्या ठिकाणी मिळाला तेव्हा दुपार झाली होती. चौथ्या दिवशी सगळं संपलं. आत्या फोनवर एकदाच म्हणाली, ‘दादा, तू त्यांना रात्रीच हलवायला हवं होतंस.’ ती दुःखाच्या भरात बोलली, नंतर तिने तो विषय काढला नाही. काका मात्र तेव्हापासून तेच वाक्य प्रथमपुरुषात म्हणतात. ‘रात्रीच हलवायला हवं होतं मी.’

आत्याचं वाक्य फ्रेंचच्या नियमाने तपासलं तर टिकत नाही. ‘जर’च्या बाजूला साधा भूतकाळ घाला: रात्री दहाला काय कळलं होतं? ९५. कान्टच्या नीतिविचारातलं एक तत्त्व सगळ्यांच्या परिचयाचं आहे: जे करणं शक्यच नाही, ते कर्तव्य म्हणून लादता येत नाही. फ्रेंचमध्ये ‘त्यू ओरे द्यू’, तू करायला हवं होतंस, असं म्हणण्याआधी ‘त्यू ओरे प्यू’, तू करू शकला असतास, हे सिद्ध करावं लागेल. आणि ‘शकला असतास’मध्ये त्या रात्रीची माहिती आणि त्या रात्रीचे बेडही मोजायला हवेत.

मग काकांना सांगावं का, की तुमची चूक नव्हती, तेव्हा हे बोलणं सोडा? आमच्या ऑफिसातली शिस्त इथे अपुरी पडते. बर्नर्ड विल्यम्स या तत्त्ववेत्त्याने १९७६ मध्ये एका ट्रकचालकाचं उदाहरण घेतलं होतं. त्याची काहीही चूक नसताना एक मूल ट्रकखाली येतं. बघ्यांना वाईट वाटतं, पण चालकाला वाटतं ते वेगळंच. आपण त्याची समजूत घालतो, आणि घालावीच. तरीही तो पाच मिनिटांत ‘माझी चूक नव्हती’ म्हणून चहा प्यायला गेला, तर तो आपल्याला विचित्र वाटेल. दोष नसतानाही आपल्या हातून घडलेल्या गोष्टीशी आपलं नातं उरतं, आणि ते नातं सांगायला भाषेत काहीतरी जागा लागते.

फ्रेंचमध्ये ती जागा वेगळी आहे. ‘झोरे द्यू’ हे ‘द्यव्वार’ या क्रियापदाचं रूप. त्याचा अर्थ कर्तव्य असणं, आणि देणं लागणंही. म्हणजे ‘मी करायला हवं होतं’ असं म्हणताना मागे कर्ज थकल्याची छटा येते. ‘झोरे व्हुल्यू’ म्हणजे मला तसं व्हावंसं वाटत होतं, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यात देणं नाही, फक्त इच्छा आहे. मराठीत या दोन्हींना एकच शब्द पुरतो. ‘मला चहा हवा होता’ आणि ‘मी जायला हवं होतं’. पाहिजेचंही तसंच. इच्छा आणि कर्तव्य एकाच ‘हवं’मध्ये राहतात, आणि शोक करणाऱ्या माणसाला स्वतःची इच्छा स्वतःवरच्या आरोपासारखी ऐकू येते. वडील हवे होते, एवढंच काकांना म्हणायचं असेल. तोंडातून येताना ते ‘हलवायला हवं होतं’ होतं.

या रूपाचा आणखी एक उपयोग आहे. फ्रेंच वर्तमानपत्रं खात्री नसलेली बातमी यातच छापतात. ‘ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने’ म्हणजे मंत्र्यांनी राजीनामा दिला म्हणे. आम्ही जबाबदारी घेत नाही. आपलं ‘म्हणे’ तेच काम करतं. दुसऱ्याला ‘तू वाचवू शकला असतास’ असं सांगताना शेवटी एक ‘म्हणे’ लावून बघावं. वाक्य तेवढंच खात्रीचं असतं.

काकांना यातलं काही समजावून सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही. गेल्या दिवाळीत ते पुन्हा म्हणाले, ‘रात्रीच हलवायला हवं होतं.’ मी एवढंच विचारलं, ‘काका, रात्री दहाला मशीनवर किती होतं?’

‘पंच्याण्णव,’ ते म्हणाले. ‘दोनदा बघितलं मी. झोपताना दूधही घेतलं त्यांनी.’

मग ते त्या रात्रीबद्दल बराच वेळ बोलत राहिले. दूध कुणी तापवलं, आजोबा कशावरून चिडले, दिवा किती वाजता मालवला. सगळं साध्या भूतकाळात.